मणिकर्णिका : दाह पेटवणारा निरोप आणि विझवणारा निरोप



काशीच्या एकेका घाटावरून निघून विज्ञानातल्या एकेका विषयाकडे जायचं, असं आपलं या मालिकेत चाललं आहे. आज आपण मणिकर्णिकेवर आलो आहोत. मराठी माणसाला हे नाव परकं नाही. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव मणिकर्णिका तांबे, आणि त्यांचा जन्म याच काशीतला. घाटाला लागूनच शिंद्यांचा घाट आहे. मणिकर्णिकेच्या बांधकामाशी अहिल्याबाई होळकरांचं नाव जोडलेलं आहे. इथल्या चक्रपुष्करिणी कुंडाची आणि कुंडात पडलेल्या कर्णभूषणाची कथाही आपण लहानपणापासून ऐकलेली असते.

आज मात्र या घाटावरून फक्त एक शब्द उचलायचा आहे. तो शब्द म्हणजे दाह. अंत्यसंस्काराला आपण दाहसंस्कार म्हणतो. आणि शरीराचा एखादा भाग लाल होतो, सुजतो, गरम होतो, दुखतो, तेव्हाही वैद्यकाच्या मराठीत त्याला दाहच म्हणतात. आपल्या भाषेनं हे दोन्ही एकाच शब्दात बांधले, ते उगाच नव्हे. शरीराच्या आतही एक आग असते. ती वेळेवर पेटली नाही तर रोगजंतू जिंकतात, आणि वेळेवर विझली नाही तर ती आपल्यालाच जाळते.

ही आग पेटव किंवा विझव, हे पेशींना सांगतं कोण? आजचा विषय तोच. सायटोकाइन नावाची प्रथिनं हे निरोप पोचवतात. माणसाच्या शरीरातलं असं प्रथिन आज जीवाणूकडून तयार करून घेऊन, पांढऱ्या भुकटीच्या रूपात, छोट्या कुपीत भरून प्रयोगशाळांना विकलं जातं. अशाच एका प्रथिनाची गोष्ट याच वाराणसीत, घाटांच्या दक्षिण टोकाला अस्सीच्या पलीकडे असलेल्या बनारस हिंदू विद्यापीठात घडली. ती समजून घेतली की सायटोकाइन म्हणजे काय हे नीट कळतं, आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा' या जाहिरातींकडे बघायची नजरही बदलते.

सायटोकाइन म्हणजे काय?

आपल्या रक्तात आणि ऊतींमध्ये प्रतिकार करणाऱ्या अनेक तऱ्हेच्या पेशी असतात. काही जंतूंना गिळतात, त्यांना आपण भक्षकपेशी म्हणू. काही जंतू ओळखतात आणि बाकीच्यांना कामाला लावतात, त्या टी पेशी. या पेशींना एकमेकींशी बोलायला लागतं, आणि त्यासाठी त्या लहान लहान प्रथिनं बाहेर सोडतात. समोरच्या पेशीवर त्या प्रथिनाच्या मापाची एक खोबण असते, तिला ग्राही म्हणतात. प्रथिन त्या खोबणीत बसलं की आतली यंत्रणा हलते, निरोप केंद्रकापर्यंत जातो, आणि पेशी आपलं वागणं बदलते. या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हे निरोप अतिशय थोड्या प्रमाणात काम करतात. एका मिलिलिटरमध्ये काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, इतक्यात पेशी खडबडून जागी होते. दुसरी, निरोपाचा अर्थ ऐकणारी पेशी कोणती आहे आणि त्याच वेळी तिला आणखी कोण काय सांगतंय, यावर ठरतो. ही दुसरी गोष्ट आजच्या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे.

या कुळातलं पहिलं प्रसिद्ध नाव म्हणजे इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना दिसलं की विषाणूशी गाठ पडलेल्या पेशी असं काही तरी बाहेर सोडतात, ज्यामुळे शेजारच्या पेशी विषाणूला दाद देत नाहीत. विषाणूच्या कामात अडथळा आणणारं म्हणून इंटरफेरॉन. पुढे कळलं की इंटरफेरॉन एक नाही, अनेक आहेत. त्यातलं इंटरफेरॉन गॅमा हे मुख्यतः टी पेशींकडून येतं, आणि त्याचं मोठं काम म्हणजे भक्षकपेशींना सांगणं की नुसतं गिळून बसू नकोस, आतल्या जंतूला मार.

जीवाणूच्या कारखान्यात माणसाचं प्रथिन

आता अडचण बघा. ज्या वस्तूचे काही नॅनोग्रॅम पुरतात, ती वस्तू शरीरातही तितकीच थोडी असते. सुरुवातीच्या काळात इंटरफेरॉन मिळवायला ढिगाने माणसाचं रक्त लागायचं, आणि इतकं करूनही हाती यायचं ते मिश्रण. त्यात नेमकं कोणतं प्रथिन काम करतंय हे छातीठोकपणे सांगता येत नसे.

ही कोंडी रिकॉम्बिनंट तंत्राने फोडली. रिकॉम्बिनंट म्हणजे एका जिवाचं जनुक दुसऱ्या जिवात बसवून तयार करून घेतलेलं. १९८२ साली अमेरिकेतल्या जेनेन्टेक कंपनीतल्या पॅट्रिक ग्रे आणि डेव्हिड गोडेल यांच्या गटाने माणसाच्या इंटरफेरॉन गॅमाचं जनुक वेगळं करून जीवाणूत बसवलं. ते कसं होतं, पायऱ्या-पायऱ्यांनी बघू.

माणसाच्या जनुकात मधे मधे असे तुकडे असतात की जे प्रथिन बनवण्याआधी पेशी कापून टाकते. जीवाणूला ही कापाकापी जमत नाही. म्हणून माणसाच्या टी पेशींमधून आधीच कापून तयार झालेला आरएनए घेतात आणि त्याच्यावरून उलटा डीएनए बनवतात. हा डीएनए एका वर्तुळाकार डीएनएत, म्हणजे प्लाझ्मिडमध्ये बसवून ई. कोलाय या जीवाणूत सोडतात. ई. कोलाय दर वीसेक मिनिटांनी दुप्पट होतो. टाकीभर जीवाणू वाढले की त्यांना प्रथिन बनवायचा इशारा द्यायचा.

पण जीवाणूच्या पोटात एवढं परकं प्रथिन एकदम तयार झालं की ते नीट घडी न पडता गोळा होऊन बसतं. तो गोळा युरिया किंवा ग्वानिडीनसारख्या रसायनात विरघळवावा लागतो, आणि मग ते रसायन हळूहळू काढून घेत प्रथिनाला पुन्हा योग्य घडी घालावी लागते. इंटरफेरॉन गॅमाचे दोन रेणू एकमेकांत गुंतून जोडी झाली तरच ते काम करतं. त्यानंतर गाळण्या, शुद्धीकरण, निर्जंतुक करणं, आणि शेवटी गोठवून वाळवणं. कुपीच्या तळाशी मग जे उरतं ते बऱ्याचदा डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याला पहिली शिकवण असते ती ही, की कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक फेरी दे, नाही तर सगळा माल झाकणाला चिकटून राहील.

शंभर मायक्रोग्रॅमच्या कुपीचा हिशेब करून बघा. पेशींना मिलिलिटरमागे दहा नॅनोग्रॅम द्यायचं ठरवलं, तर एवढ्याशा भुकटीतून दहा लिटर द्रव तयार होईल. आणि प्रयोगाला एका वेळी लागतो तो मिलिलिटरभर.

कुपीवरच्या चिठ्ठीत काय वाचायचं?

कुपीसोबत येणाऱ्या कागदावर चार-पाच गोष्टी असतात. त्या प्रत्येकीमागे एक फसगत दडलेली आहे.

पहिली, शुद्धता. कुपीत हेच प्रथिन किती टक्के आहे आणि बाकी काय आहे. दुसरी, क्रियाशीलता. प्रथिन शुद्ध आहे पण घडी चुकलेली आहे, असं होऊ शकतं. म्हणून ते जिवंत पेशींवर तपासतात. पेशींना आधी इंटरफेरॉन द्यायचं, मग विषाणू सोडायचा, आणि पेशी किती वाचतात ते मोजायचं. त्यावरून आंतरराष्ट्रीय एककं ठरतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, एंडोटॉक्सिन. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणात एक पदार्थ असतो. तो माणसाच्या भक्षकपेशींना इतका तिखट लागतो की त्याच्या लेशमात्र स्पर्शानेही त्या दाह पेटवतात. आता विचार करा. तुम्ही पेशींना इंटरफेरॉन दिलं, पेशी पेटल्या, तुम्ही आनंदाने वहीत नोंद केली. पण पेटवलं कोणी? प्रथिनाने, की त्यात राहून गेलेल्या जीवाणूच्या आवरणाने? ही भेसळ पकडायची नेहमीची चाचणी नालेच्या आकाराच्या एका समुद्री खेकड्याच्या रक्तापासून बनवलेल्या द्रवाने करतात. एंडोटॉक्सिन असलं की तो द्रव गोठतो. प्रयोगशाळेत आणखी एक साधी युक्ती आहे. प्रथिन उकळून बघायचं. उकळल्यावर इंटरफेरॉनची घडी मोडते आणि ते निकामी होतं, पण एंडोटॉक्सिन उष्णतेला सहज बधत नाही. उकळूनही पेशी पेटत असतील तर समजायचं की गडबड आहे.

चौथी गोष्ट, वाहक प्रथिन. इतकं थोडं प्रथिन पाण्यात टाकलं तर ते नळीच्या भिंतींना चिकटून संपतं. म्हणून त्यात बहुतेक वेळा गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन मिसळतात. आणि पाचवी, 'मानवी' हा शब्द. इंटरफेरॉन गॅमा ज्या त्या प्राण्याचं ज्याला त्याला लागतं. माणसाचं इंटरफेरॉन गॅमा उंदराच्या पेशींना ऐकूच येत नाही. उंदरावर प्रयोग करायचा तर उंदराचं घ्यावं लागतं.

या कागदावर शेवटी एक ओळ असते. फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरासाठी नाही. ती ओळ का, ते शेवटी सांगतो. तोवर विसरू नका.

काळा आजार : आग न पेटणारा रोग

आता वाराणसीकडे वळू. पूर्व उत्तर प्रदेश आणि त्याला लागून असलेला बिहार, हा काळ्या आजाराचा जुना प्रदेश. रोगजंतूचं नाव लिश्मानिया डोनोव्हानी. १९०३ साली विल्यम लिश्मन आणि मद्रासला काम करणारे चार्ल्स डोनोव्हन यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून दोघांची नावं जोडून हे नाव पडलं. तो पसरवते वाळूमाशी. नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं नाव मिळालेला चांदीपुरा विषाणू जिच्यामुळे पसरतो, त्याच वाळूमाश्यांच्या गोतावळ्यातली ही एक. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात राहणारी. त्यामुळे हा आजार गरिबाच्या घरात आधी शिरतो.

आठवडेच्या आठवडे ताप राहतो. पोटाच्या डाव्या बाजूची प्लीहा वाढत जाऊन पार बेंबीपर्यंत येते. माणूस सुकतो, रक्त कमी होतं, अंगाचा रंग काळवंडतो. उपचार मिळाला नाही तर बहुतेक सगळे रुग्ण दगावतात.

या जंतूचा धीटपणा असा की तो राहतो थेट भक्षकपेशीच्या पोटात. म्हणजे ज्या शिपायाने चोर पकडायचा, त्याच्याच घरात चोर बिऱ्हाड करून. भक्षकपेशीला इंटरफेरॉन गॅमाचा निरोप मिळाला तर ती मारक रसायनं तयार करून जंतूला संपवू शकते. १९८३ साली कार्ल नेथन, हेन्री मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये दाखवून दिलं की भक्षकपेशीला पेटवणारा तो निरोप इंटरफेरॉन गॅमाच आहे. जीवाणूकडून बनवून घेतलेलं शुद्ध प्रथिन हाती आल्यामुळे हे ठामपणे म्हणता आलं.

त्या काळात रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्यांना लिश्मानियाचा अर्क दाखवला तर त्या गप्प राहत, इंटरफेरॉन गॅमा बनवत नसत. त्यावरून सरळ तर्क निघाला की रुग्णाला इंटरफेरॉनची कमतरता आहे. मग बाहेरून दिलं तर?

वाराणसीतला प्रयोग

१९९० साली ब्राझीलमधल्या रुग्णांवर हा उपाय करून बघितल्याचं प्रसिद्ध झालं. भारतात तो केला बनारस हिंदू विद्यापीठातल्या वैद्यकीय संस्थेचे डॉ. श्याम सुंदर यांनी, त्याच हेन्री मरे यांच्या सोबतीने. त्यांचे निष्कर्ष १९९४, १९९५ आणि १९९७ साली प्रसिद्ध झाले. काळ्या आजाराचं तेव्हाचं मुख्य औषध म्हणजे अँटिमनीची इंजेक्शनं, वीस ते तीस दिवस रोज. हे औषध घेऊनही बरे न झालेल्या रुग्णांना अँटिमनीबरोबर रिकॉम्बिनंट इंटरफेरॉन गॅमा दिलं गेलं. इथे वापरलं ते माणसांसाठी बनवलेलं, औषधाच्या दर्जाचं प्रथिन होतं, प्रयोगशाळेतल्या कुपीतलं नव्हे.

सुरुवातीचे निकाल उत्साह वाढवणारे होते. हताश झालेले काही रुग्ण बरे झाले, जंतू लवकर कमी झाले. पण बिहारमध्ये तोवर परिस्थिती बिघडत चालली होती. जंतू अँटिमनीला सरावला होता. डॉ. सुंदर यांच्याच गटाने २००० साली दिलेले आकडे बघा. पूर्ण मात्रेत अँटिमनी देऊन उत्तर प्रदेशातले ८६ टक्के रुग्ण बरे होत होते, बिहारमधले फक्त ३५ टक्के. अशा ठिकाणी इंटरफेरॉनची जोड दिल्यावर फायदा दिसला, पण बरे होणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच अडकलं. शिवाय प्रथिन महाग, थंडीत ठेवायला लागणारं, रोज टोचायला लागणारं. ज्याच्या घराला मातीच्या भिंती आहेत, त्याला ते परवडणार कसं?

निम्मं अपयश औषध निकामी झाल्याचं होतं हे उघड आहे. पण एक प्रश्न उरलाच. पेटवायचा निरोप बाहेरून भरपूर दिला, तरी आग हवी तशी का पेटली नाही?

विझवणारा निरोप

उत्तराचा धागा १९९३ साली हाती लागला होता. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत काळ्या आजाराच्या रुग्णांमध्ये इंटरल्युकिन-१० नावाचं दुसरं सायटोकाइन वाढलेलं दिसलं. इंटरल्युकिन-१० हा विझवणारा निरोप आहे. दाह पुरे झाला, आता थांबा, असं ते भक्षकपेशींना सांगतं. निरोगी शरीरात त्याची नितांत गरज असते. ते नसेल तर साध्या संसर्गातही दाह हाताबाहेर जाईल.

२००७ साली वाराणसीच्या गटाने स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर रुग्णांच्या प्लीहेतल्या पेशी तपासल्या. सुझान नीलेन आणि डेव्हिड सॅक्स ही त्यातली प्रमुख नावं. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला डॉ. सुंदर यांचं काळ्या आजाराचं संशोधन केंद्र आहे. तिथे रोगनिदानासाठी प्लीहेतून सुईने थोडा द्रव काढतात. जंतू जिथे राहतो तिथल्याच पेशी त्यात असतात. त्यात दिसलं की टी पेशी स्वतःच इंटरल्युकिन-१० बनवायला लागल्या आहेत.

मग २०११ साली पुढचं पाऊल पडलं. अशा प्लीहेच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यात इंटरल्युकिन-१० ला पकडून ठेवणारी अँटीबॉडी सोडली. बाहेरून कोणताही पेटवणारा निरोप दिला नव्हता. नुसता विझवणारा निरोप अडवला. पेशींनी स्वतःहून जास्त इंटरफेरॉन गॅमा बनवलं आणि जंतूंची संख्या कमी झाली.

त्याच सुमारास जुना तर्कही तपासून बघितला गेला. पांढऱ्या पेशी वेगळ्या न काढता, रुग्णाचं अख्खं रक्त तसंच लिश्मानियाच्या अर्काबरोबर ठेवलं, तर त्यात इंटरफेरॉन गॅमा चांगलं तयार होत होतं. म्हणजे रुग्णाला इंटरफेरॉनची कमतरता नव्हतीच. पेटवणारा निरोप जात होता. भक्षकपेशीच्या कानाशी त्याच वेळी दुसरा निरोप मोठ्याने चालू होता, त्यामुळे पहिल्याचा उपयोग होत नव्हता.

आपल्या पुण्यातही याच कोड्याचा एक भाग सुटला आहे. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या भास्कर साहा यांच्या गटाने २००४ साली नेचर मेडिसिन या नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध केला. त्यांनी लिश्मानियाच्या दुसऱ्या जातीवर आणि उंदरांच्या भक्षकपेशींवर काम केलं होतं. भक्षकपेशीवर सीडी-४० नावाचा एक ग्राही असतो. त्यांना दिसलं की तोच एक ग्राही जोरात दाबला तर पेशी दाह वाढवणारं सायटोकाइन बनवते, आणि हलका दाबला तर इंटरल्युकिन-१०. बेल एकच, पण ती कशी वाजते त्यावर आतून उलट उत्तरं येतात. लिश्मानिया नेमका हा तोल आपल्या बाजूला झुकवतो.

कुपीतल्या प्रथिनाचं खरं काम

तुम्ही विचाराल, या सगळ्यात ती संशोधनाची कुपी कुठे आली? ती पायरीपायरीला आहे. पेशींनी किती इंटरफेरॉन बनवलं हे मोजायचं कसं? ज्ञात प्रमाणातलं रिकॉम्बिनंट इंटरफेरॉन घेऊन त्याच्या पातळ-पातळ पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीचा रंग किती गडद येतो ते बघायचं, आणि रुग्णाच्या नमुन्याचा रंग त्या पायऱ्यांशी ताडून बघायचा. वजनकाट्याला जसं प्रमाणित वजन लागतं, तसं या मापनाला शुद्ध प्रथिन लागतं.

यातला एक उपयोग तुमच्या-आमच्या घरापर्यंत आला आहे. क्षयरोगाचा सुप्त संसर्ग आहे का हे बघायला 'टीबी गोल्ड' नावाने ओळखली जाणारी रक्ताची चाचणी करतात. तुमच्या रक्ताला क्षयाच्या जंतूची ठरावीक प्रथिनं दाखवायची आणि किती इंटरफेरॉन गॅमा तयार होतं ते मोजायचं. त्या किटमध्ये मोजपट्टी म्हणून ठेवलेलं असतं ते रिकॉम्बिनंट मानवी इंटरफेरॉन गॅमाच. संसर्ग आहे की नाही हा निर्णय मिलिलिटरमागे ०.३५ एकक इतक्या बारीक रेषेवर ठरतो. मोजपट्टीचं प्रथिन कोमट राहिलं, किंवा पुनःपुन्हा गोठवून वितळवलं आणि अर्धं निकामी झालं, तर रंग फिका पडेल आणि सगळी मापं सरकतील. म्हणून शीतकपाटातल्या त्या कुपीची काळजी हा कुणाच्या तरी निदानाचा प्रश्न असतो. द्रव केल्यावर लगेच छोट्या छोट्या वाट्यांत भागवून गोठवायचं आणि एक वाटी एकदाच वापरायची, हा नियम म्हणूनच पाळायचा.

ती शेवटची ओळ

आता 'फक्त संशोधनासाठी' या ओळीकडे येतो. काही जणांना वाटतं की हा कंपनीचा हात झटकण्याचा प्रकार आहे, प्रथिन तर तेच आहे. तसं नाही. रेणू तोच असला तरी कुपीत काय काय चालेल याचे नियम वेगळे आहेत. पेशींच्या बशीत चालणारं एंडोटॉक्सिन शिरेत गेलं तर ताप, थंडी, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत मजल जाऊ शकते. गाईचं अल्ब्युमिन पेशींना चालतं, माणसाला टोचायला नाही. औषधाच्या दर्जाच्या प्रथिनाची प्रत्येक खेप, तिचा कारखाना, तिचे रुग्णांवरचे परिणाम सगळं तपासलेलं असतं. अमेरिकेत इंटरफेरॉन गॅमाला १९९० साली मान्यता मिळाली ती सरसकट प्रतिकारशक्ती वाढवायला नव्हे, तर भक्षकपेशींच्या एका विरळा जन्मजात दोषासाठी.

कोविडच्या काळात 'सायटोकाइन वादळ' हा शब्द घराघरांत पोचला. तिथे उलट प्रकार होता. पेटवणारे निरोप थांबत नव्हते, आणि इंटरल्युकिन-६ चा निरोप अडवणारी टॉसिलिझुमॅबसारखी औषधं काही रुग्णांना द्यावी लागली. एका आजारात आग पेटत नाही, दुसऱ्यात विझत नाही. म्हणून 'प्रतिकारशक्ती वाढवते' असं कुणी विकायला आलं की विचारा, कोणता निरोप वाढवते आणि कोणत्या पेशीला?

राहता राहिला तो काळ्या आजाराचा रुग्ण. त्याला शेवटी तारलं ते सायटोकाइनने नाही. २०१० साली डॉ. सुंदर यांच्या गटाने मुझफ्फरपूरला दाखवलं की मेदाच्या सूक्ष्म थेंबांत बसवलेलं अँफोटेरिसिन शिरेतून एकदाच दिलं तरी सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे होतात. हे थेंब भक्षकपेशी आपण होऊन गिळतात, त्यामुळे औषध जंतूच्या बिऱ्हाडातच पोचतं. एका दिवसाचा उपचार, मग घरी. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर होणारी पट्टीची चाचणी, घरांत फवारणी आणि हे औषध, या तिन्हींमुळे एके काळी वर्षाला हजारोंनी दिसणारे भारतातले रुग्ण आता हजाराच्या आत आले आहेत. बांगलादेशाला तर २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराच्या निर्मूलनाचं प्रमाणपत्र दिलं.

मग इंटरफेरॉनवर घालवलेली वर्षं वाया गेली का? मला तसं वाटत नाही. रुग्णाच्या शरीरात काही तरी कमी आहे, ते बाहेरून भरा, हा सोपा विचार त्या कुपीतल्या प्रथिनामुळेच तपासता आला आणि सोडून देता आला. औषधाने जंतू मारले की तोल आपोआप परत येतो, विझवणारा निरोप उतरतो आणि माणसाची स्वतःची आग कामाला लागते, हेही त्याच मोजपट्टीने दिसलं. उद्या हा जंतू पुन्हा एखाद्या औषधाला सरावला, तर शोध कुठून सुरू करायचा हे आता माहीत आहे.

पुढच्या भागात दुसऱ्या घाटावर भेटू. तोवर काळजी घ्या, आणि बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेशातून कामाला आलेल्या आपल्या आसपासच्या कुणाला पंधरा दिवसांहून जास्त ताप असेल आणि पोटाची डावी बाजू जड लागत असेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात नक्की पाठवा. डॉक्टरांना गाव कोणतं ते सांगायला सांगा. आपल्याकडे हा आजार क्वचितच दिसतो, त्यामुळे गावाच्या नावावरून त्यांना बरंच कळेल.